एका वेळी एकच आरोपी

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मला भाड्याचं काही विचारलं नाही. मांसाहार करता का, पाहुणे किती येतात, रात्री किती वाजता परतता, यातलंही काही नाही. त्यांनी मला अंगणाकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, "एक मिनिट नीट बघा. मग डोळे मिटा."

मी बार्शीची. सोलापुरात शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली होती आणि त्या दिवशी ही चौथी खोली बघत होते. ऊन असं होतं की डोळे मिटायला कुणी सांगायची गरजच नव्हती. मिटले.

"काय दिसलं?"

"तुळस. दोरीवर टॉवेल. एक जुनी गाडी."

"टॉवेल किती?"

"चार असतील."

"असतील नको. चार होते का?"

"चार होते."

"गाडीचं बॉनेट?"

"उघडं. आत काठी लावलेली."

"जमलं," ते म्हणाले. "खोली तुमची. महिन्यातनं दोन रविवार साक्षीला यावं लागंल."

मला वाटलं, रजिस्टर ऑफिसात वगैरे सही करायची असेल. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अगं पोरी, पळ हितनं. गाडीपायी माणसं ठेवायलेत आता." मी काही पळाले नाही. पुढे चार वर्षं त्या खोलीत काढली, आणि आता सोलापूर सोडून दोन वर्षं झाली तरी रस्त्यात कुणी बॉनेट उघडून उभं दिसलं की माझी पावलं आपोआप तिकडे वळतात.

ते कोर्टात शिरस्तेदार होते. फाइली, तारखा, पुकारा, सगळा पसारा पस्तीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेलेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत सगळे त्यांना शिरस्तेदारच म्हणत, आणि त्यांनाही दुसऱ्या कुठल्या हाकेला ओ देताना मी पाहिलं नाही. मी काका म्हणायची, तेव्हा ते आधी इकडेतिकडे बघायचे. उंच, सडपातळ माणूस. घरातही शर्ट खोचलेला. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

कोर्ट सुटलं तरी कोर्टाची भाषा काही सुटली नव्हती. दूधवाला उशिरा आला की ते "उशीर का केला?" असं विचारत नसत. "उशिराचं कारण नमूद करा," म्हणत. नळ दुरुस्त करणारा आला नाही की शांतपणे सांगत, "गैरहजर. पुढची तारीख गुरुवार." एकदा जेवताना काकूंनी विचारलं, "आमटीत मीठ कमी पडलंय का हो?" तर म्हणाले, "तक्रार कुणाची आहे?"

"माझीच हाय," काकू म्हणाल्या. "लग्नाला चाळीस वर्सं झाली. अजून नंबर लागंना."

काकू अक्कलकोटकडच्या. माहेरी घरात कानडी, बाहेर मराठी. एरवी त्या मराठीत बोलायच्या आणि संतापल्या की कानडीत शिरायच्या. नवरा वाद घालायला लागला की "साक्, साक्" म्हणून हात झटकायच्या, म्हणजे पुरे झालं. शिरस्तेदारांना कानडी उत्तम यायची, पण त्या क्षणी ती येत नसल्यासारखं दाखवायचे. "न्यायालयाची भाषा मराठी आहे," एवढंच म्हणायचे.

त्यांची दोन वचनं मला पहिल्याच आठवड्यात पाठ झाली. एक, "पाहिलं ते सांगा, वाटलं ते नको." दुसरं, "एका वेळी एकच आरोपी." हे दुसरं म्हणजे त्यांचा जीवनधर्म होता. एकदा त्यांना ताप आला. डॉक्टरांनी तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या. यांनी पहिले तीन दिवस पहिली, पुढचे तीन दिवस दुसरी आणि शेवटचे तीन दिवस तिसरी घेतली. नऊ दिवस तापाने फणफणले, पण तिन्ही एकदम घ्यायला तयार नाहीत. "तिन्ही घेतल्या तर बरं कुणी केलं, ते कसं कळणार?" असं मला पांघरुणातून विचारलं. दहाव्या दिवशी ताप उतरला. तो त्याचा तो उतरला असणार, पण त्यांनी तिसऱ्या गोळीच्या नावे लाल पेनाने नोंद केली.

आता गाडीचं सांगते. ती जुनी, क्रीम रंगाची, पेट्रोलवरची चारचाकी. चोरीच्या एका प्रकरणातला मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या मागच्या आवारात येऊन पडलेली. मूळ मालक वारला, वारस कुणी पुढे आला नाही, आणि गाडी लिंबाच्या झाडाखाली नऊ वर्षं उभी राहिली. शिरस्तेदारांच्या टेबलामागच्या खिडकीतून ती दिसायची. नऊ वर्षं त्यांनी तिच्यावर लिंबोळ्या पडताना पाहिल्या. लिलाव निघाला तेव्हा ते अजून नोकरीत होते, आणि आपल्याच कोर्टाच्या लिलावात आपण बोली लावायची नसते. देवाच्या कृपेने तो लिलाव तीन वेळा पुढे ढकलला गेला. चौथ्या वेळी हे निवृत्त होऊन बारा दिवस झाले होते. माणूस एखाद्या स्थळासाठी थांबतो तसे ते थांबले, असं काकू म्हणायच्या आणि पुढे पुस्ती जोडायच्या, "माझ्यासाठी न्हाय थांबले एवढं."

गाडीचा आजार विचित्र होता. चांगली चालता चालता एकदम बंद पडायची. आधी खोकणं नाही, धक्के नाहीत, काही नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तशी विझायची. मग सेल्फ मारला की इंजिन घर्र घर्र फिरायचं, पण पेटायचं नाही. शिरस्तेदार उतरून बॉनेट उघडायचे. गाडीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन असायचा, तो काढून रेडिएटरला पाणी घालायचं, उरलेलं आपण प्यायचं, झाडाखाली अर्धा तास बसायचं. अर्ध्या तासाने चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. जसं काही घडलंच नाही.

घराजवळ चक्कर मारली तर ती कधीही बंद पडत नसे. लांब निघालं की हमखास. त्यावरून शिरस्तेदारांनी तर्क बांधला होता की ही गरम झाली की बंद पडते. सोलापुरात तो तर्क कुणालाही पटला असता. तिथे मे महिन्यात माणसंसुद्धा दुपारी बंदच असतात.

या प्रकरणाचा त्यांनी रोजनामा ठेवला होता, कोर्टात ठेवतात तसाच. लांब रूळाची वही. रकाने चार: स्थळ, वेळ, ऊन, उपस्थित. आरोपीही चार. ठिणगी पाडणारा प्लग, ठिणगीची वेळ ठरवणारा पॉइंट, त्याच्या जोडीचा बोटभर कंडेन्सर, आणि ठिणगीला जोर देणारी कॉइल. यांची नावं मला भूगोलातल्या नद्यांसारखी पाठ झाली. एक आरोपी बदलायचा, मग दोन महिने बाकी कशाला हात लावायचा नाही. गाडी पुन्हा बंद पडली की तो आरोपी निर्दोष. मग त्याला पुसून, कागदात गुंडाळून, वर "निर्दोष" लिहून डब्यात ठेवायचं. मी आले तेव्हा चौघांच्या फेऱ्या होऊन त्या डब्यात अकरा निर्दोष जमले होते.

साक्षीला जायचं म्हणजे काय, ते मला पहिल्याच रविवारी कळलं. मी मागच्या सीटवर वही घेऊन बसायची. पुढच्या डाव्या सीटवर कुणी बसायचं नाही, तिथे हत्यारांची पेटी. तिच्यासमोर, पाय ठेवायच्या जागेत, पाण्याचा कॅन. तो कॅन भरून आणायचं आणि स्वतः वाकून तिथे ठेवायचं काम काकूंचं. त्या गाडीत बसत मात्र नसत. कॅन ठेवून, दार आपटून, न बोलता घरात निघून जायच्या.

गाडी चालू असेपर्यंत शिरस्तेदार एक अक्षर बोलत नसत. कान सगळा इंजिनाकडे. मी काही बोलले तर हात वर करायचे. गाडी बंद पडली की आधी पुकारा व्हायचा. भर अक्कलकोट रोडवर, उसाच्या ट्रॉल्या जाताहेत, आणि हे बॉनेटसमोर उभे राहून खड्या आवाजात, "कंडेन्सर हाजीर हो!" मग कॉइलकडून येणारी जाड वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचे आणि मी दारातून हात घालून सेल्फ मारत, बाजूने मान काढून ठिणगी बघायची.

"निळी का पिवळी?"

"निळी."

"जोरदार?"

"जोरदार वाटते."

"वाटते नको."

"जोरदार आहे."

मग ते हताश होऊन वायर पुन्हा लावायचे. कारण इथवर येईपर्यंत पाणी घालून झालेलं असायचं, आणि ठिणगी नेहमी उत्तम असायची. "कोर्टात आल्यावर सगळेच सज्जन होतात," असं ते म्हणायचे. आणि त्यानंतर झाडाखालच्या त्या अर्ध्या तासात या माणसाचं तोंड जे सुटायचं! खोट्या साक्षीत आपणच लिहून आणलेला कागद उलटा धरून वाचणारा साक्षीदार, निकालाच्या दिवशी न्यायाधीशांना पडलेली डुलकी, लग्नाच्या वेळी बैलगाडीतून पडलेली आपली टोपी. घरात पेपरामागे तोंड लपवून बसणारा माणूस तो हाच का, असा प्रश्न पडायचा. मला आता कबूल करायला हरकत नाही, मी त्या अर्ध्या तासासाठीच जायची.

कुंभारीच्या अलीकडे रस्त्यालगत एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्यांनी या गाडीपुढे केव्हाच हात टेकले होते. "साब," ते म्हणायचे, "कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, सब एकदम नया डाल देतूं. झगड़ा खतम."

"मग दोषी कोण होता, ते कसं कळंल?"

"साब, तुमकू गाड़ी चलानी है, या किसकू फाँसी देनी है?"

शिरस्तेदारांनी बॉनेट लावून घेतलं. पण परत येताना मला म्हणाले, "चाचा माणूस चांगला. पण न्यायप्रक्रियेवर विश्वास नाही."

काकू गाडीत का बसत नाहीत, हे मला सहा महिन्यांनी कळलं. जिन्यात बसून आम्ही दोघी शेवगा मोडत होतो तेव्हा त्यांनीच सांगितलं. मी येण्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट. त्यांच्या भावाच्या घरी, अक्कलकोटला, नातवाचं बारसं होतं. गाडी वाटेत दोनदा बंद पडली आणि ही दोघं पोहोचली तेव्हा पंगती उठून गेल्या होत्या. भाऊ थट्टेनं म्हणाला, "काय दाजी, गाडीचा निकाल कवा लागणार?" दुसरा कुणी हसून गप्प बसला असता. यांनी पिशवीतून रोजनामा काढला. सगळे पाहुणे बसलेले. म्हणाले, आजवर सोळा नोंदी आहेत. ऊन कधी आहे, कधी नाही. वेळ वेगवेगळी. स्थळ वेगवेगळं. पण 'उपस्थित' या रकान्यात सोळाच्या सोळा वेळा एकच नाव आहे. सबब, सकृद्दर्शनी संशय हिच्यावर येतो.

"सगळी हसली गं," काकू म्हणाल्या. शेंग मोडायची थांबल्या. "माझी भावजय तर पोट धरून. मी तशीच उठले, एसटीत बसले आन घरी आले. तवापासनं त्या गाडीत पाय न्हाय ठेवला."

तेव्हापासून दोघांचा प्रवास असा. एकाच कार्याला जायचं, एकाच वेळी घरातून निघायचं, काकू एसटीने आणि शिरस्तेदार गाडीने. काकू पोहोचून, चहा पिऊन, तोंड धुऊन, सुपारी कातरत बसल्या की मग हे धुळीने माखलेले येणार. गंमत अशी की काकू बसेनाशा झाल्या तरी गाडी बंद पडायची थांबली नाही. दोन वर्षांनी शिरस्तेदार स्वतःहून एक पायरी खाली आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "तुला संशयाचा फायदा देण्यात येत आहे."

"फायदा नको मला तुमचा," काकू म्हणाल्या. "मी केलं न्हाय असं म्हना."

"तसं म्हणायला खरा आरोपी सापडावा लागतो."

"मग सापडवा. तवर मी एसटीनं जाते."

अशी सात वर्षं झाली. मी बघत होते, हसत होते, आणि मला त्या माणसाचा राग यायचा तोही सांगते. दोन शब्द बोलून जे मिटलं असतं त्यासाठी हा गृहस्थ डबाभर निर्दोष जमवत बसला होता.

माझ्या तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी ते जिना चढून वर आले. याआधी ते कधी वर आले नव्हते. खुर्ची दिली तर बसले नाहीत. म्हणाले, "गाडीचं पासिंग आषाढात संपतंय. चाचा म्हणतो खालचा पत्रा गंजलाय, पुन्हा पास होणार नाही. भंगारात द्यावी लागंल."

"अरेरे."

"त्याचं काही नाही. मुद्देमालाची कधीतरी विल्हेवाट लागतेच." मग खिडकीशी जाऊन खाली गाडीकडे बघितलं. "पण वैशाखात हिच्या भावाची साठीशांत आहे. बाई, मला हिला एकदा शेजारच्या सीटवर बसवून अक्कलकोटला न्यायचंय. न थांबता. सगळ्यांच्या समोर उतरवायचंय. बारशाला जे होते ते सगळे असणार." मग माझ्याकडे वळले. "माझ्याकडनं एका वेळी एकच आरोपी घेऊन हे वैशाखापर्यंत होईल असं वाटत नाही."

"वाटत नाही" हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्या क्षणी माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, आता महिन्यातले चारही रविवार येते.

चैत्रातला तिसरा रविवार. गाडीची मागची सीट उसवली म्हणून शिवायला दिली होती. त्यामुळे हत्यारांची पेटी मागच्या रिकाम्या जागेत गेली आणि मी पहिल्यांदाच पुढे बसले, पायांशी काकूंनी ठेवलेला कॅन. कुंभारी ओलांडलं आणि वळणावर गाडी विझली. शिरस्तेदारांनी सुस्कारा सोडला, वही मागितली. मला तहान लागली होती. मी कॅन उचलून मांडीवर घेतला आणि झाकण उघडून प्यायले. तेवढ्यात त्यांनी नुसती सवयीने चावी फिरवली.

गाडी चालू झाली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अर्धा तास झाला नव्हता. अर्धं मिनिटही झालं नव्हतं. बॉनेट उघडलं नव्हतं, पुकारा झाला नव्हता. मी घाबरून कॅन खाली डाव्या कोपऱ्यात सारला. गाडी बंद. पुन्हा उचलला. त्यांनी चावी फिरवली. चालू.

"काका, हा कॅनच..."

"साक्षीदारानं मत द्यायचं नाही."

"मत नाही देत. कॅन ठेवला, बंद पडली. उचलला, चालू झाली. पाहिलेलं सांगते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना शोभेल अशी साक्ष दिली होती. मग त्यांनी मला तेच आणखी सात वेळा करायला लावलं. ठेव, बंद. उचल, चालू. बाजूने एक ट्रॅक्टर चालला होता, तो थांबला. वरचा माणूस म्हणाला, "काय व्यायाम चाललाय व्हय बाई?" मला उत्तर द्यायला दम उरला नव्हता.

शिरस्तेदार खोचलेल्या शर्टासकट रस्त्यावर गुडघे टेकून गाडीत वाकले. मोबाइलची बॅटरी लावली. डाव्या कोपऱ्यात बाजूला जो काळा पुठ्ठा होता त्याला आतून काहीतरी टोचत होतं. चाचांना फोन गेला. ते मोटारसायकलवर आले, पुठ्ठा फाडला, आणि आतून बोटाच्या पेराएवढं एक बटण बाहेर आलं. चाचा त्याच्याकडे बघून इतके हसले की त्यांना खोकला लागला.

"चोरबटन है साब! पुराने लोगां ऐसा छुपाके लगाते थे, उतरते बखत उसपे कुछ अड़ाके दबा देते थे. दबाए तो कॉइल का करंट कट. चोर गाड़ी लेके जाताच नै."

पुठ्ठ्याला कॅन टेकला की बटण दबायचं. पाणी घालायला कॅन काढला की बटण सुटायचं. घराजवळच्या चकरांना कॅन नसायचाच. अर्धा तास थंड करणं, झाडाखाली बसणं, त्याचा गाडीशी काहीएक संबंध नव्हता. शिरस्तेदार रस्त्याकडेच्या दगडावर बसले. तिथूनच म्हणाले, "चोर गाडीतच बसलेला सापडला होता. फाइल मी स्वतः लावलेली आहे. 'आरोपी वाहन सोडून का पळाला नाही, याचा खुलासा होत नाही', असं खाली लिहिलेलं होतं. मी शंभर वेळा वाचलं असंल." मग एकदम त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे ही नव्हती, बाई. सात वर्षं झाली. ही नव्हती."

चाचांनी बटण कापून काढलं, दोन्ही वायरी एकत्र पिळून चिकटपट्टी लावली. परत येताना कॅन कोपऱ्यात मुद्दाम दाबून ठेवला होता. गाडी एकदाही थांबली नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी निकाल लिहिला. दोन पानं, निळ्या पेनाने, शेवटची ओळ लाल. अंघोळ करून, टोपी घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि वाचला. मला साक्षीदार म्हणून बाजूला उभं केलं होतं. काकू भाकऱ्या थापत होत्या. शेवटी "सबब, सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता" आलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"झालं वाचून?" त्या म्हणाल्या. "आता ते कागद ठेवा बाजूला आन तोंडानं बोला."

"कोर्टाला दिलगिरी व्यक्त करायची तरतूद नाही."

"कोर्टाला कोण म्हनलं? मी तुमास्नी म्हनले."

तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला, तरी दोघं जागची हलली नाहीत. शेवटी ते म्हणाले, "चुकलं माझं." मग टोपी काढली. "लई चुकलं." मला रडू आलं, मी जिन्याकडे तोंड फिरवलं. फिरवता फिरवता काकूंचा चेहरा दिसला. तो मला वाटला होता तसा खुललेला नव्हता. पापड लाटताना लाटणं बोटावर आपटावं तसा होता. मी म्हटलं, इतक्या वर्षांचं साचलेलं आहे, एकदम कसं निघेल.

वैशाखात दोघं साठीशांतीला गेली. काकू हिरव्या साडीत पुढच्या सीटवर, कॅन पायाशी. सगळी गल्ली निरोप द्यायला. दुसऱ्या दिवशी शिरस्तेदार परत आले ते मिठाईचा पुडा घेऊन घरोघरी फिरले. "जाताना पन्नास मिनिटं. येताना एकोणपन्नास. विनाथांबा," असं प्रत्येकाला सांगत होते. भावाने दारात नारळ ओवाळला, भावजय काही बोलली नाही, हेही सांगत होते. मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी ते झोपल्यावर काकू वर आल्या. आत येऊन दार लावलं. पदराने मानेचा घाम पुसला आणि माझ्या पलंगावर बसल्या.

"तुला म्हनून सांगते," त्या म्हणाल्या. "बटन-बिटन मला ठावं न्हवतं. पर कॅन त्या कोपऱ्याला टेकला की गाडी बंद पडती, हे मला दुसऱ्याच खेपंला कळलं हुतं."

मी वह्या तपासत होते. पेन हातातच राहिलं.

"चांगलं झाड दिसलं की पायानं जरा सारायची," त्या म्हणाल्या.

"काकू! पण का?"

"का म्हंजे? घरात ह्यांचं तोंड कवा उघडतंय? सकाळी कोर्ट, रात्री फाइल, नंतर पेपर. गाडी बंद पडली की झाडाखाली अर्धा तास बसायचे, भाकरी सोडायचे, काय काय सांगायचे. मला इचारायचे बी, तुला काय वाटतं म्हनून. लगीन झाल्यापासनं कुनी इचारलं न्हवतं मला." त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "पर ते असं चारचौघांत बोलायचं व्हय? खरं असलं म्हनून काय झालं?"

"आणि मग तुम्ही बसत नव्हता, तरी कॅन..."

"मी न्हाय बसले आन गाडी नीट धावली, तर मीच चोर ठरंन की. मग ठेवत गेले. ठेवताना जरा कलता ठेवायची. एखादा खड्डा आला की जायचा कोपऱ्यात."

पस्तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला या बाईने पाच लिटर पाण्यात सात वर्षं फिरवलं होतं. आणि त्यांनी तिची माफी मागितली होती, माझ्यासमोर, टोपी काढून. मी म्हटलं, "म्हणजे काकांचा पहिला संशय बरोबरच होता."

"हळू बोल," काकू म्हणाल्या. "सांगणार हाईस का काय त्यास्नी?"

मी नाही म्हटलं. अजूनही सांगितलेलं नाही. साक्षीदार म्हणून माझ्याकडून झालेली ही एवढीच एक चूक, आणि ती मी पुन्हा करीन.

"पण काल मग छान झालं ना?" मी विचारलं. "एकदाही न थांबता गेलात."

काकू खिडकीतून खाली गाडीकडे बघत बसल्या. आषाढाला अजून महिना-दीड महिना होता.

"कसलं छान," त्या म्हणाल्या. "जाताना पन्नास मिनटं, येताना पन्नास मिनटं, एक शबूद बोलले न्हाईत. कान सगळा इंजिनात." मग माझ्याकडे वळल्या आणि आवाज आणखी खाली आणला. "ते बटन परत बसवता येतं का, जरा इचार की त्या चाचाला."